उभा पडदा

आधी मी पुठ्ठा कापला.
बत्तीस इंच म्हणजे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, तिरके,
दुकानातल्या रिहार्ड्सने हे गुपित सांगावं तसं सांगितलं.
एकाहत्तर सेंटीमीटर लांब, चाळीस उंच.
फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा, मागे टेकायला दोन जाडे शब्दकोश,
आणि आठवडाभर मी बसले
त्या तपकिरी, काहीच न दाखवणाऱ्या चौकोनासमोर.
खिडकी निम्मी गेली.
आगेन्सकाल्न्सची ट्राम नुसती ऐकू यायची.

रिहार्ड्स म्हणाला, त्रेचाळीस घ्या, सूट आहे.
म्हटलं, बाळा, टेबल पाहून पडदा पसरावा.
माझं टेबल साठ सेंटीमीटर खोल,
सासऱ्यांनी मासे साफ करायला केलेलं.
त्यावर त्रेचाळीस म्हणजे
पहिल्या रांगेत बसून टेनिस बघणं.
मग तो सांगत सुटला, एका सेकंदात चित्र किती वेळा बदलतं.
माझ्या कामात चित्र बदलत नाही, मी म्हटलं.
टिंबाला शेपूट आहे की नाही
एवढं दिसलं म्हणजे झालं.

तालिवाल्दिस पेन्सिलीने संगीत लिहितो,
अक्षर असं, की कुत्र्याचे पाय मांजराला.
मी ते वादकांना वाचता येईल असं मांडते.
एका पानावर सत्तावीस ओळी,
वर पिकोलो, तळाला डबल बास.
अकरा वर्षं लॅपटॉपवर
बासऱ्या होत्या तेव्हा बास नव्हता,
बास होता तेव्हा बासऱ्या वर निघून गेलेल्या.
एकाच घरात राहून
जिन्यावरसुद्धा न भेटणारी माणसं.

पडदा आला. मी तो फिरवून उभा केला.
अख्खं पान!
मी उठून चहा ठेवला, आणि पाणी आटेपर्यंत
दारातूनच बघत राहिले.

मग मान धरली.
पिकोलो पार छताशी, देवाच्या शेजारी.
रोज दोन बोटं खाली घेत गेले,
शेवटी डबल बास लाकडाला टेकला,
सुरीचे वण आहेत, बरोबर तिथे.
उजेड शंभरवरून वीसवर आणला.
नवा पडदा नव्या पाहुण्यासारखा, उगाच मोठ्याने बोलतो.

आणि तेव्हा दिसली ती ओळ,
सत्तावीसमधली एकोणिसावी. ट्रायंगल.
पूर्वी रिकामी ओळ मी लपवून टाकायचे,
जागा वाचवायला.
आता राहू दिली.
पानामागून पान ती पांढरी,
सत्त्याण्णव बार नुसते मोजत बसलेली,
मग एक ठोका. मग परत मोजणं.
विल्निस जायचा असा तालमीला,
बर्फातून, कोटाला इस्त्री करून,
त्या एका ठोक्यासाठी.
मी हसायचे.
मोजणं कधी ऐकूच आलं नव्हतं मला.

रविवारी कॉर्कहून युर्गिसचा फोन येतो.
पहिल्यांदा त्याचा चेहरा आला तो बादलीएवढा,
नाकावरचा पुरळसुद्धा माझ्या तळहाताइतका.
मग कपाटातून त्याची जुनी लोकरीची टोपी काढली,
काचेवर धरली,
आणि चौकट ओढत, सोडत, ओढत
त्याचं डोकं टोपीत बसेल एवढं केलं.
आई, काय करतेस?
काही नाही, पुसतेय.

आता दर रविवारी तो खऱ्या मापाचा असतो,
तळाला, बासच्या जागी,
माझ्या कपाच्या शेजारी.
पण कॅमेरा अजून लॅपटॉपवरच, डाव्या हाताला,
आवाजही तिकडूनच येतो.
त्याला दिसतो माझा एक कान, कानातली कुडी,
आणि खिडकीचा उरलेला भाग.
तू बघतेस कुणाकडे, तो विचारतो.
तुझ्याकडेच, मी म्हणते,
आणि वळत नाही.